‘मला वाटले परवाना आहे’: मासेमारीच्या कसुरात प्रामाणिक गैरसमज कुठवर वाचवतो

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूवरच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर मिशन नावाचे गाव आहे आणि तिथे फ्रेझर नदीवर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा पूल आहे. या पुलाच्या समुद्राकडच्या बाजूचे पाणी कायद्याच्या लेखी भरती-ओहोटीचे, तर वरच्या अंगाचे पाणी गोडे. खालच्या बाजूला हौसेखातर गळ टाकायचा असेल तर केंद्र सरकारच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. वरच्या बाजूला टाकायचा असेल तर प्रांत सरकारचा. नदी तीच, पाण्यातला मासा दोन्हीकडे ये-जा करणारा, पण एका सरकारचा कागद पुलाच्या रेषेवर संपतो आणि दुसऱ्याचा तिथून सुरू होतो.

आता अशी कल्पना करू की केवळ केंद्राचा परवाना खिशात असलेले तीन जण पुलाच्या वरच्या अंगाला गळ टाकताना सापडले. पहिला दाट धुक्यात होडी घेऊन आला होता आणि त्याच्या होडीवरचे दिशादर्शक यंत्र तो अजून पुलाच्या खालीच असल्याचे दाखवत होते. दुसऱ्याला आपण पुलाच्या वर आहोत हे पक्के ठाऊक होते, पण केंद्राचा परवाना साऱ्या नदीला चालतो अशी त्याची समजूत होती. तिसऱ्याने यातले काहीच मनात आणले नव्हते. मित्र निघाले म्हणून तोही निघाला. अधिकाऱ्याने तिघांनाही दंडाचे एकसारखे तिकीट दिले. तिघेही न्यायालयात जाऊन एकच वाक्य म्हणणार आहेत, ‘साहेब, मला वाटले माझ्याकडे परवाना आहे.’ तिघांचाही प्रामाणिकपणा आपण मान्य करू. तरीही त्या वाक्यामागची चूक प्रत्येकाची वेगळी आहे, आणि कायदा त्या तीन चुकांना तीन वेगळ्या नजरांनी पाहतो.

मुळात प्रश्न असा की, ज्याचा हेतू वाईट नव्हता त्याला दंड का व्हावा? चोरी किंवा फसवणूक यांसारख्या गुन्ह्यांत कृत्य आणि दोषी मन या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. दुसऱ्याची छत्री आपली समजून उचलणारा चोर ठरत नाही. परंतु मासेमारी, शिकार, प्रदूषण, अन्नभेसळ, वाहतूक यांचे नियम वेगळ्या जातकुळीचे आहेत. ते पाप-पुण्याचा निवाडा करण्यासाठी केलेले नसतात, तर सगळ्यांच्या मालकीची एखादी गोष्ट सगळ्यांना पुरावी म्हणून केलेले असतात. नदीतल्या सॅमनची संख्या माणसाच्या हेतूने वाढत किंवा घटत नाही. शिवाय गळ टाकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते हे सरकारी वकिलाने प्रत्येक वेळी सिद्ध करायचे म्हटले तर एकही खटला उभा राहणार नाही.

हा विचार टोकाला नेला की काय होते, ते नोव्हा स्कोशियातल्या एका खटल्यात दिसले. ‘पीअर्स फिशरीज’ या कंपनीच्या कारखान्यात सुमारे ५० ते ६० हजार पौंड शेवंडी (लॉबस्टर) होत्या आणि तपासणीत त्यांतल्या २६ शेवंडी ठरवलेल्या मापापेक्षा लहान निघाल्या. एवढ्या ढिगातल्या २६. कंपनीच्या कोणत्याही जबाबदार माणसाला त्या तिथे असल्याची माहिती होती, असे कोणी म्हणत नव्हते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली निकाल दिला की लहान शेवंड ताब्यात असणे हाच कसूर आहे आणि तो सिद्ध करण्यासाठी मालकाला त्याची जाणीव होती हे दाखवण्याची गरज नाही. ज्याने कधी मासळीबाजारात टोपलीतली मासळी निवडून पाहिली असेल त्याला हा निकाल फार कडक वाटेल, आणि मलाही तो तसाच वाटतो. त्या काळी न्यायालयापुढे रस्तेच दोन होते. एक, सरकारने दोषी मन सिद्ध करायचे. दुसरा, मनाचा विचारच करायचा नाही. मधली वाट कोणी आखलेली नव्हती.

ती आखली गेली १९७८ मध्ये, ऑन्टारिओतल्या सू सेंट मरी शहराच्या खटल्यात. विषय मासेमारीचा नव्हता. शहराचा कचरा टाकण्याचे काम एका कंत्राटदाराला दिले होते आणि त्यातून ओढ्याचे व नदीचे पाणी दूषित झाले होते. निकाल लिहिताना न्या. ब्रायन डिक्सन यांनी कसुरांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात सरकारला दोषी मन सिद्ध करावेच लागते. तिसऱ्या वर्गात कृत्य घडले की दोष ठरलाच, सबब ऐकली जात नाही. या दोहोंच्या मधल्या वर्गाला आपण कठोर दायित्व म्हणू. यात सरकारने फक्त कृत्य घडल्याचे सिद्ध करायचे. त्यानंतर आरोपीला दोनपैकी एक गोष्ट दाखवून सुटता येते. एक तर कसूर टाळण्यासाठी शक्य ती सारी वाजवी काळजी घेतली होती, किंवा आपण ज्या वस्तुस्थितीवर विश्वास ठेवला ती खरी असती तर आपले कृत्य निर्दोष ठरले असते आणि तसा विश्वास ठेवणे वाजवी होते. लोककल्याणासाठी केलेल्या नियमांचे कसूर सामान्यतः याच मधल्या वर्गात मोडतात, असेही न्यायालयाने सांगितले.

पुढच्याच वर्षी या सूत्राची परीक्षा झाली. बदकांच्या शिकारीचा एक नियम असा होता की जिथे पक्ष्यांना भुलवण्यासाठी दाणे टाकलेले असतील त्या जागेपासून पाव मैलाच्या आत शिकार करायची नाही. एका महिलेने तशा जागी शिकार केली, पण तिथे दाणे टाकलेले आहेत हे तिला माहीत नव्हते आणि कळण्यासारखेही नव्हते. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. शेवंडींचा खटला दहा वर्षांनी उभा राहिला असता तर कंपनीला निदान हे विचारले गेले असते की, माल घेताना मोजमाप कोण करत होते, किती जण करत होते आणि कसे करत होते.

आता कॅनडाच्या केंद्रीय मत्स्य कायद्यात हे सूत्र कलम ७८.६ म्हणून लिहिलेलेच आहे. त्याचा आशय असा की आरोपीने कसूर टाळण्यासाठी योग्य ती सारी दक्षता घेतली होती हे त्याने सिद्ध केले, किंवा ज्या गोष्टी खऱ्या असत्या तर त्याचे वर्तन निर्दोष ठरले असते त्या गोष्टी खऱ्या आहेत असे तो वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे मानत होता हे त्याने सिद्ध केले, तर त्याला दोषी ठरवता येणार नाही. प्रांतांच्या कायद्यांखालील परवान्याच्या कसुरांना, मजकुरात दुसरे काही नसेल तर, सू सेंट मरीचे सूत्र लागू पडते. म्हणजे मिशनच्या पुलाच्या कोणत्याही बाजूला उभे राहिले तरी कसोटी जवळपास एकच.

या कलमातले प्रत्येक पद सावकाश वाचण्यासारखे आहे. ‘सिद्ध केले’ म्हणजे ओझे आरोपीवर आहे. संशयाचा फायदा त्याला आयता मिळत नाही. आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक आहे इतपत पुरावा त्याला द्यावा लागतो. निर्दोषत्व गृहीत धरण्याच्या तत्त्वाला यामुळे बाधा येते असा आक्षेप घेतला गेला होता, पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियामक कसुरांपुरती ही व्यवस्था मान्य केली. ‘प्रामाणिकपणे’ म्हणजे आरोपीचा खरोखरच तसा समज होता. पकडल्यावर सुचलेली ती सबब नाही. आणि ‘वाजवीपणे’ म्हणजे त्याच्या जागी दुसरा कोणी सावध माणूस असता तर त्याचाही तसाच समज झाला असता. बहुतेक बचाव कोसळतात ते या तिसऱ्या पदावर, कारण प्रामाणिक असणे सोपे आहे, पण तपासून पाहण्याचे कष्ट घेतलेले असणे तितकेसे सोपे नाही.

तरीही खरी गुरुकिल्ली आहे ती ‘ज्या गोष्टी खऱ्या असत्या तर’ या शब्दांत. न्यायालय आरोपीच्या डोक्यातले जग क्षणभर खरे मानते आणि विचारते की, त्या जगात हा माणूस कसूरवार ठरला असता का? समजा, एखाद्याच्या मित्राने सांगितले की मी तुझा परवाना ऑनलाइन काढला, त्याने छापील कागदही हातात दिला आणि त्यावर नाव, वर्ष, क्रमांक सारे जागच्या जागी होते. मात्र कार्डाचा व्यवहार मागाहून रद्द झाल्यामुळे परवाना प्रत्यक्षात निघालेलाच नव्हता. या माणसाच्या डोक्यातले जग खरे मानले तर तो परवानाधारक आहे, म्हणून निर्दोष. कागद पाहिला होता, म्हणून समज वाजवी. पण मित्राने नुसते ‘काढलाय रे’ म्हटले आणि त्याने कागद मागितलाच नाही, तर चित्र बदलते, कारण परवाना जवळ बाळगणे हीदेखील त्याचीच जबाबदारी होती आणि तो न मागताच निघालेल्या माणसाचा समज वाजवी म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला असे पाहा की, भरतीच्या पाण्यातला सॅमन घरी न्यायचा असेल तर नुसता परवाना पुरत नाही. त्यावर सॅमन संवर्धनाचा वेगळा शिक्का विकत घ्यावा लागतो. एखाद्याने हा शिक्का घेतला नाही, कारण तो लागतो हेच त्याला माहीत नव्हते. त्याच्या डोक्यातले जग खरे मानायचे तर कॅनडाचा कायदाच बदलावा लागेल. त्याने पकडलेला मासा सॅमन आहे हे त्याला दिसत होते, शिक्का नाही हेही माहीत होते. चूक होती ती केवळ नियम काय सांगतो याविषयी. ही कायद्याविषयीची चूक, आणि तिला कलम ७८.६ मध्ये जागा नाही. कॅनडाच्या दंडसंहितेचे कलम १९ कायद्याचे अज्ञान ही सबब नाही असे सरळ सांगते, आणि नियामक कसुरांतही न्यायालयांनी ती भिंत हलू दिलेली नाही. नियम समजून घेण्यासाठी मी खूप खटपट केली, हा युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच नाकारला आहे. दक्षता दाखवायची ती नियम पाळण्याची. नियम शोधण्याची दक्षता वेगळी, आणि तिचा उपयोग फार तर शिक्षा ठरवताना होतो.

हा भेद कागदावर स्वच्छ दिसतो, परवान्याच्या बाबतीत मात्र तो वारंवार गढूळ होतो, कारण परवाना ही एकाच वेळी वस्तूही आहे आणि कायदेशीर स्थितीही. खिशात कागद आहे की नाही ही वस्तुस्थिती झाली. तो कागद कोणत्या पाण्याला, कोणत्या माशाला, कोणत्या तारखेपर्यंत चालतो हा बहुतांशी कायदा झाला. ब्रिटिश कोलंबियाच्या भरतीच्या पाण्यातला वार्षिक परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाला बांधलेला असतो. जूनमध्ये विकत घेतलेला परवाना पुढच्या जूनपर्यंत चालेल, असे मोबाइलच्या रिचार्जची सवय लागलेल्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे; पण तारीख परवान्यावरच छापलेली असते. अशाच स्वरूपाचा एक खटला क्वेबेकमधल्या लेव्ही शहरातून २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो वाहन चालवण्याच्या परवान्याचा होता. चालकाचे म्हणणे असे की परवान्यावरची तारीख मुदत संपण्याची आहे हे त्याला कळले नाही. ती पैसे भरण्याची तारीख आहे असे त्याला वाटले. न्यायालयाने हे मान्य केले नाही. निष्क्रिय अज्ञान म्हणजे दक्षता नव्हे, असा त्या निकालाचा सूर आहे. इथे आपला तिसरा मच्छीमार आठवावा. ज्याने काही विचारच केला नाही त्याच्याकडे चुकीचा समजदेखील नसतो. समजाची केवळ रिकामी जागा असते, आणि रिकाम्या जागेला प्रामाणिक किंवा वाजवी ही विशेषणे लागत नाहीत.

परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न जसा प्रत्यक्ष उद्भवू शकतो त्याचे एक उदाहरण ऑन्टारिओचे. तिथे १८ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षे पूर्ण केलेल्या कॅनडावासीयांना मासेमारीचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. वय दाखवणारे सरकारी ओळखपत्र पुरते. उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे ६८ वर्षांचे आजोबा तळ्याकाठी नातवाबरोबर गळ टाकून बसतात. ज्येष्ठांना परवाना लागत नाही हे शेजाऱ्याने सांगितलेले असते, आणि ते शेजाऱ्यापुरते खरेही असते. पण ही सवलत तिथल्या रहिवाशांना आहे. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी रहिवाशाला ज्येष्ठ असला तरी परवाना घ्यावा लागतो. आजोबांचे वय खरे, ओळखपत्र खरे, चूक फक्त सवलत कोणाला याविषयी; म्हणजे निव्वळ कायद्याविषयीची. त्यांना हा बचाव मिळत नाही. प्रत्यक्षात अधिकारी समज देऊन सोडतो की तिकीट फाडतो हा त्याच्या विवेकाचा भाग आहे, कायदेशीर हक्काचा नव्हे.

कायद्याच्या चुकीला एकच दार उघडे आहे, तेही अरुंद. ज्याने कायद्याचा विचार केला, योग्य त्या अधिकाऱ्याला विचारले, त्या अधिकाऱ्याने चुकीचे उत्तर दिले, ते उत्तर वाजवी वाटण्यासारखे होते आणि त्याच्यावर विसंबूनच कृत्य केले, त्याच्यावरची कार्यवाही न्यायालय थांबवू शकते. लेव्हीच्या त्याच निकालात या अटी एकामागून एक मांडल्या आहेत. गंमत अशी की यात आरोपी निर्दोष ठरत नाही. कसूर घडलेलाच असतो, पण ज्या सरकारने वाट चुकवली त्याच सरकारने शिक्षा मागणे अशोभनीय म्हणून खटला थांबतो. गळ आणि आमिष विकणाऱ्या दुकानदाराचे मत हे सहसा अशा अधिकाऱ्याचे मत ठरत नाही, तो वीस वर्षे त्या नदीकाठी दुकान चालवत असला तरी.

हक्क आणि गैरसमज यांत लोक गल्लत करतात, म्हणून एक खटला इथे सांगायला हवा. नोव्हा स्कोशियातील मिकमॅक या मूलनिवासी समाजाचे डॉनल्ड मार्शल धाकटे यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ४६३ पौंड वाम मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले. परवाना नाही, बंदीचा काळ आणि नियमबाह्य जाळे असे आरोप त्यांच्यावर होते. (याच माणसाने त्याआधी न केलेल्या खुनासाठी ११ वर्षे तुरुंगात काढली होती, हा योगायोग कॅनडात कोणी विसरत नाही.) सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर १९९९ रोजी त्यांना निर्दोष ठरवले, पण त्यांचा समज प्रामाणिक होता म्हणून नव्हे. १७६० आणि १७६१ मधल्या तहांनी त्यांच्या समाजाला दिलेला हक्क खरोखरच अस्तित्वात होता म्हणून. ज्याला हक्क आहे त्याला गैरसमजाच्या बचावाची गरज नाही, आणि ज्याला तो नाही त्याला ‘मला हक्क आहे असे वाटले’ एवढ्याने तो मिळत नाही.

भारतातली मांडणी याहून फार दूर नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलमे ७६ आणि ७९ आता भारतीय न्याय संहितेत १४ आणि १७ या क्रमांकांनी आली आहेत. कायद्याच्या नव्हे तर वस्तुस्थितीच्या चुकीमुळे, सद्भावनेने, आपले कृत्य कायद्याला धरून आहे असे ज्याला वाटले त्याचे ते कृत्य गुन्हा ठरत नाही. सद्भावनेची व्याख्या अशी की योग्य दक्षता आणि अवधान यांवाचून ठेवलेला विश्वास सद्भावनेचा मानला जाणार नाही. म्हणजे कॅनडाने ‘वाजवी’ शब्दात जे घातले ते आपल्याकडे ‘सद्भावना’ शब्दात आहे. हे अपवाद विशेष आणि स्थानिक कायद्यांखालील गुन्ह्यांनाही लागू होतात, आणि अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचा भार इथेही आरोपीवरच असतो.

परवान्याच्या गैरसमजाचा आपल्याकडचा सर्वांत बोलका खटला मासळीचा नसून गव्हाचा आहे. मध्य प्रदेशातल्या धारचे धान्यव्यापारी नथुलाल यांनी १९६० साली परवान्यासाठी अर्ज केला, फी भरली, खरेदीची विवरणपत्रे सरकारकडे पाठवत राहिले आणि परवाना हाती येण्याआधीच गव्हाचा साठा केला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, कारण परवाना मिळाला आहे या समजापोटी ते वागले होते आणि जाणूनबुजून उल्लंघन केलेले नव्हते. सरकारला हे रुचले नसावे, कारण १९६७ मध्ये त्या कायद्यात ‘जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा’ असे शब्द घालण्यात आले. ‘अन्यथा’ या एका शब्दाने तेव्हा प्रामाणिक चुकीची वाट बुजवली गेली.

नथुलालच्या निकालाच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरच्या एका खटल्याचा निकाल उलट लागला होता. झुरिकहून मनिलाला निघालेल्या मेयर हान्स जॉर्ज या प्रवाशाच्या अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोने सापडले. सोने देशातून केवळ पुढे न्यायचे असले तरी ते विमानाच्या मालयादीत दाखवले पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अट राजपत्रात छापून आली ती २४ नोव्हेंबर १९६२ रोजी. प्रवासी निघाला २७ तारखेला. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाने भारताचे राजपत्र तीन दिवसांत कसे वाचावे, हा प्रश्न कोणालाही पडेल, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलेही होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषसिद्धी कायम केली आणि शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. अल्पमतातले न्या. सुब्बाराव होते; पुढच्या वर्षी नथुलालच्या निकालात दोषी मनाची गरज ठासून सांगणारेही तेच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र वाद बहुधा फौजदारी न्यायालयापर्यंत जातच नाही. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी अधिनियम किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीला लागू आहे आणि त्यात दंड ठरवतो तो अभिनिर्णय अधिकारी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे दंड लाखांच्या घरात गेले. अशा दंडाला दोषी मनाची गरज नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या एका प्रकरणात म्हटले आहे, आणि त्याच धर्तीवर पाहिले तर नौकामालकाने न्याय संहितेचे कलम १७ पुढे केले तरी त्याचा आधार डळमळीत राहतो. नौकेच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक हाच मासेमारीचा परवाना असा समज किनाऱ्यावर ऐकू येतो. नोंदणी वेगळी, परवाना वेगळा, म्हणून ही पुन्हा कायद्याचीच चूक. मालक किनाऱ्यावर आणि तांडेल म्हणजे नौका चालवणारा समुद्रात, अशा स्थितीत मालक जे सांगू शकतो ते वस्तुस्थितीविषयी असते. तांडेलाला कोणत्या सूचना दिल्या होत्या, नौकेचे ठिकाण दाखवणारे यंत्र चालू होते का, आणि १ जूनला बंदी सुरू होण्याआधी नौका परत बोलावण्यासाठी काय केले, एवढेच त्याच्या हातात राहते.

आता मिशनच्या पुलाकडे परतायचे तर, तिघांपैकी खरी लढत देऊ शकतो तो पहिलाच, आणि तीही सोपी नाही. सरकारी वकील त्याला विचारेल की धुके इतके दाट होते तर थांबला का नाहीस, यंत्रावरचा नकाशा शेवटचा कधी अद्ययावत केला होतास, पाण्यात पुलाचे खांब दिसले नाहीत का, डोक्यावरून गाडी गेली तिचा आवाज आला नाही का. या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे त्या दिवशीचे उत्तर हवे. यंत्रातली त्या सकाळची नोंद, निघण्यापूर्वी पाहिलेला हवामानाचा अंदाज, सोबत्याची साक्ष, हे सारे पकडल्यानंतर तयार करता येत नाही. दुसऱ्याला निर्दोष सुटण्याची वाट नाही. पण परवाना काढण्याची त्याची तयारी होती, चुकीचा का होईना एक परवाना त्याने पैसे देऊन घेतला होता, हे न्यायाधीशाला दंडाची रक्कम ठरवताना दिसेल. केंद्राच्या मत्स्य कायद्याखाली पहिल्या कसुरालाही संक्षिप्त खटल्यात एक लाख डॉलरपर्यंत दंड करता येतो, त्यामुळे कोणत्याही परवान्याच्या खटल्यात रक्कम कमी होणे ही लहान गोष्ट नसते. तिसऱ्याने तिकिटावरचा पत्ता आणि पैसे भरायची तारीख नीट वाचून घ्यावी.